‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी काय लिहू?

प्रश्न (पत्र मोठं असल्यामुळे थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

मी ६९ वर्षांची आहे. १९७४ साली डी.एड.साठी वसतिगृहात राहायला गेले. तिथे खोलीतल्या मैत्रिणीवर माझा जीव जडला आणि तिचा माझ्यावर. सुट्टीत तिने मला लिहिलेलं एक पत्र पोस्टात पडायच्या आधीच तिच्या भावाच्या हाती लागलं. तो ते घेऊन थेट आमच्या घरी आला. वडील ओरडले नाहीत. आईने त्या दिवशीही नेहमीसारखी माझी वेणी घातली, पण वेणी संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तीन महिन्यांत माझं लग्न झालं. मैत्रिणीने लग्न केलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. माझे मिस्टर सरकारी नोकरीत होते, स्वभावाने भले. शेवटची चार वर्षं त्यांचं डायलिसिस चालू होतं, ते सगळं मीच केलं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी मुलगा, सून आणि नातीसोबत राहते. गेल्या वर्षी जुन्या विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती सापडली. आता रोज संध्याकाळी आमचा फोन असतो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. परवा हसत म्हणाली, ‘फॉर्मवर रुग्णाशी नाते असा रकाना आहे, तिथे तू काय लिहिशील?’ मी काही न बोलता फोन ठेवला. मुलाला म्हटलं, मी तिच्याकडे जाऊन राहते थोडे दिवस. तो म्हणाला, ‘तिला भाचे-पुतणे नाहीत का? तू तिची कोण?’ तेव्हापासून झोप नाही. माझा संसार खोटा होता का? मी मिस्टरांना फसवलं का? ती माझ्यासाठी थांबली, त्याचं पाप माझ्या माथी आहे का? मुलाला सांगायचं तर काय? आणि या वयात शरीराचं काही उरलेलं नसताना याला प्रेम तरी म्हणायचं का?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मुलगा काय म्हणेल हे आहे, सुनेच्या माहेरी काय बोलतील हे आहे, धाकट्या बहिणीच्या कानावर गेलं तर काय होईल हे आहे, गेलेल्या मिस्टरांना काय वाटत असेल हेही आहे. तुमच्या मैत्रिणीला काय हवंय, हे मात्र कुठेच नाही. त्यांनी फॉर्मवरचा एक प्रश्न विचारला, तोही हसत, आणि तुम्ही फोन ठेवलात. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी माझा एक प्रश्न : तुम्ही त्यांना विचारलंत का?

पन्नास वर्षांपूर्वी तुम्हा दोघींना कोणीच काही विचारलं नव्हतं. भावाने पत्र वाचलं, वडिलांनी स्थळ पाहिलं, आईने तोंड मिटलं. तुम्ही काय म्हणता याची कोणाला गरजच वाटली नाही. आज तुम्ही पुन्हा सगळ्यांची मतं गोळा करताय, आणि ज्या बाईशी रोज संध्याकाळी बोलता तिचंच मत घ्यायचं राहून गेलंय. तुम्हाला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. बाईच्या मनाला आपण हीच सवय लावतो, म्हणून म्हणते.

आता संसार खोटा होता का, याबद्दल. त्याचं उत्तर देण्याआधी तुमचं लग्न कोणत्या काळात झालं ते पाहावं लागेल, कारण तुम्ही १९७५-७६ मधल्या मुलीला आजच्या कायद्याने आणि आजच्या समजुतीने तपासताय.

त्या वेळी आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतलं, ‘निसर्गाविरुद्ध’ शरीरसंबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ वं कलम होतं. इंग्रजांनी आणलेलं, आणि ते गेल्यावरही आपण जपलेलं. ते प्रामुख्याने पुरुषांविरुद्ध वापरलं गेलं. बायकांच्या बाबतीत सरकारची रीत वेगळी होती : त्यांचं नावच घ्यायचं नाही. १९२१ साली ब्रिटनच्या संसदेत स्त्रियांमधले संबंध गुन्हा ठरवणारी दुरुस्ती आली. खालच्या सभागृहाने ती मंजूर केली आणि वरच्या सभागृहाने फेटाळली. दयेपोटी नव्हे. कायदा केला तर ज्या बायकांच्या स्वप्नातही हे नाही त्यांना ते कळेल, अशी तिथल्या लॉर्डांना भीती होती. गप्प राहणंच बरं, असं ठरलं. तुमच्या आईच्या गप्प राहण्याची मला इथे आठवण झाली. त्या माउलीने काही संसदेतल्या चर्चा वाचल्या नव्हत्या. पण ज्याचं नाव घेतलं नाही ते उरत नाही, हा हिशेब घराघरात तोच होता.

म्हणून बाईला तुरुंगाची शिक्षा क्वचितच झाली. तिची शिक्षा घरातच ठरायची, आणि बहुतेक वेळा ती लग्नाची असायची. पत्रिका छापल्या, मांडव पडला, लोक जेवून गेले. बाहेरून पाहणाऱ्याला तो आनंदसोहळाच दिसला. जी शिक्षा वाजतगाजत दिली जाते तिच्याबद्दल तक्रार करायला तोंडच उरत नाही.

आणि तक्रार करायची तरी कुठे? तुमचं लग्न झालं तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत समलैंगिकता होती. ती त्या यादीतून निघाली १९९० च्या मे महिन्यात. तोवर तुमचा मुलगा शाळेत जात असेल. मराठी रंगभूमीवर असा विषय तुम्ही संसारात पडल्यानंतर आला, १९८१ मध्ये, विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातून, आणि त्यातली सुमित्रा शेवटी जीव देते. १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेशात दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं. पुढच्या काही आठवड्यांत दोघींची नोकरी गेली. १९९८ च्या डिसेंबरात दोन जावांच्या प्रेमाचा सिनेमा दाखवणाऱ्या मुंबई-दिल्लीच्या थिएटरांवर हल्ले झाले. हे सगळं वर्तमानपत्रांत येत होतं. तुमच्यासारखी बाई स्वयंपाकघरात बसून ते वाचत असेल तर तिला एकच गोष्ट कळली असेल : गप्प राहा. त्या परिस्थितीत तुम्ही गप्प राहिलात आणि जगलात. मी त्याला फसवणूक म्हणणार नाही.

मिस्टरांविषयी थोडं सावकाश बोलायला हवं. त्यांना काही माहीत नव्हतं हे खरं. आपल्या बायकोच्या मनातला एक कोपरा त्यांना कधी दिसला नाही, हेही खरं. त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे आणि ते वाटू द्या. पण त्यांनाही निवड कुठे मिळाली होती? अर्ध्या तासाच्या बघण्याच्या कार्यक्रमात दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवलं गेलं. तुमचा होकार घेतला गेला नाही, त्यांना पूर्ण माहिती दिली गेली नाही, आणि ही दोन्ही कामं ज्यांनी केली ती माणसं वेगळी होती. त्यानंतर तुम्ही चाळीसहून जास्त वर्षं एका घरात काढलीत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला नेणं, पाण्याचं माप ठेवणं, फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचायला शीर तयार केलेला) हात सांभाळणं, पोटॅशियम वाढेल म्हणून भाज्या उकळून पाणी ओतून देणं : तुम्ही हे पत्रात दोन ओळींत उरकलंय. ज्यांनी हे केलंय त्यांना त्या दोन ओळींचं वजन माहीत असतं. ते खोटं नव्हतं. माणसाच्या एका नात्यातलं खरेपण दुसऱ्या नात्यामुळे रद्द होत नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ मधला प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलंय की इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. त्यातला ‘कुटुंबीयांची’ हा भाग लोक विसरतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. त्या माफीत तुमचे मिस्टरही येतात. त्यांच्यावर अन्याय झालाच असेल तर तो तुम्ही केलेला नाही, तो तुम्हा दोघांवर मिळून झाला.

‘ती माझ्यासाठी थांबली’ हे वाक्य तुमच्या पत्रात चार ठिकाणी आहे. हे त्यांनी सांगितलंय की तुम्ही धरून चाललाय? लग्न न करणाऱ्या बाईकडे पाहिलं की आपण लगेच कुणाची तरी वाट पाहणारी बाई उभी करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करणं, दर बदलीला नव्या गावात एकटीने खोली शोधणं, मुख्याध्यापिका होऊन आपल्याहून मोठ्या पुरुषांकडून काम करून घेणं, स्वतःच्या पैशाने घर बांधणं : हे एक भरलेलं आयुष्य आहे. त्यात कदाचित तुमची आठवण होती. कदाचित मध्ये कुणी दुसरं माणूसही आलं असेल. कदाचित त्यांना लग्न नकोच होतं, तुम्ही भेटला नसतात तरीही. त्यांचं आयुष्य ही तुमची थकबाकी नाही. आणि तुम्ही त्यांच्याकडे कर्ज फेडायला गेलात तर तेही त्यांना कळेल. शिक्षिकेच्या नजरेतून अशा गोष्टी सुटत नाहीत.

आता तो प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलाय. शरीराचं काही उरलेलं नसताना याला प्रेम म्हणायचं का? ताई, पन्नास वर्षं संसार केलेल्या जोडप्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आजी-आजोबा एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात, त्याला आपण बिनदिक्कत प्रेम म्हणतो. मग स्वतःला ही वेगळी परीक्षा कशासाठी? आणि काही उरलं नाही असं तुम्ही का ठरवून टाकलंत? तिने हात हातात घेतला तर बरं वाटेल का, शेजारी निजावंसं वाटेल का, याचं उत्तर मला कळवायची गरज नाही, कुणालाच नाही. पण आपलं वय झालं म्हणून स्वतःच्या वतीने परस्पर नकार देऊन टाकू नका.

मुलाला सांगावं का? इथे मी तुम्हाला दोन्ही बाजू सांगते, आणि माझं मतही सांगते.

न सांगता राहणं शक्य आहे. दोन म्हाताऱ्या बायका एकत्र राहू लागल्या तर आपल्याकडे लोक फार तर म्हणतील, बरं झालं, एकमेकींना सोबत झाली. दोन तरुण मुलींना हे मिळत नाही. त्यांच्या घरचे आजही पोलिसांत जातात, पळवून नेल्याची तक्रार करतात. ज्या न दिसण्याने तुमचं तरुणपण खाल्लं तेच आता तुम्हाला आडोसा देतंय. हा आडोसा वापरायला लाजू नका. प्रत्येकीने जाहीरपणे सांगितलंच पाहिजे असं मी मानत नाही.

पण त्याची किंमत माहीत असू द्या. ती रोजच्या जगण्यात द्यावी लागत नाही, आजारपणात आणि मरणात द्यावी लागते. उद्या तुमच्या मैत्रिणी गेल्या तर लोक त्यांच्या पुतण्याला भेटायला जातील. तुमच्याकडे कोणी येणार नाही, कारण तुमचं काय गेलं हे कोणालाच ठाऊक नसेल. नवरा गेल्यावर बाईला रडायला तेरा दिवस मिळतात, माणसं मिळतात. तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचा डबा भरावा लागेल. अशा दुःखातून एकट्याने गेलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि म्हणून माझं मत असं की निदान एका माणसाला तरी खरं माहीत असावं. ते माणूस मुलगाच असायला हवं असं नाही. पत्रावरून मला तुमची नात जास्त जवळची वाटली. ती कॉलेजात आहे, फोन आला की ‘आजी, तुझ्या मैत्रिणीचा’ म्हणून पळत आणून देते, असं तुम्हीच लिहिलंय. पण तिला आधी सांगून ‘बाबाला बोलू नकोस’ असं ओझं तिच्यावर टाकू नका. सांगायचंच तर आधी मुलाला, मग तिला. किंवा घराबाहेरच्या एखाद्या जुन्या मैत्रिणीला.

मुलाला सांगायचं ठरलं तर काही गोष्टी सांभाळा. भांडणाच्या भरात सांगू नका, घराच्या किंवा पैशाच्या बोलण्यात तर मुळीच नाही. पुढे तो दोन्ही गोष्टी एकत्रच आठवेल. सुरुवात १९७४ पासून करू नका. पन्नास वर्षांची गोष्ट एका दमात ऐकली की मुलाच्या कानाला त्यातलं एकच ऐकू येतं : माझ्या बाबांवर आईचं प्रेम नव्हतं. आजपासून सुरुवात करा. ‘ती मला फार जवळची आहे, आम्ही तरुण असताना एकमेकींवर प्रेम होतं, घरच्यांनी आम्हाला वेगळं केलं. तुझ्या बाबांचं मी मनापासून केलं, ते तू पाहिलंयस. आता मला तिच्या आजारपणात तिच्याजवळ असायचंय.’ एवढं पुरे. मग थांबा. तो उठून आत गेला तर जाऊ द्या. तुम्हाला हे पचवायला पन्नास वर्षं लागली, त्याला काही महिने लागतील. आणि त्याचा ‘तू तिची कोण?’ हा प्रश्न तुम्हाला बोचला हे समजतं, पण त्याला काहीच माहीत नव्हतं. कदाचित त्याने तो हॉस्पिटलच्या खर्चाचा आणि जबाबदारीचा विचार करून विचारला असेल.

त्याला कळलं आणि त्याने कडवटपणा केला तर? त्यासाठीच कागद आधी नीट करायचे. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण अशी पत्रं मला येतात त्यात बायका मनाबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि घर कोणाच्या नावावर आहे हे एका ओळीतही नसतं.

आधी तुमचं. मिस्टरांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या मालमत्तेत तुमचा, मुलाचा आणि मुलगी असेल तर तिचाही सारखा वाटा आहे (सासूबाई त्या वेळी हयात असतील तर त्यांचाही). तुमचा वाटा तुमच्या पूर्ण मालकीचा. मुलगा किंवा जावई ‘नुसती सही कर’ म्हणून हक्कसोडपत्र पुढे करतील तर ते वाचल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. एकदा नोंदणी झाली की ते फिरवणं फार अवघड असतं. तुमचं कुटुंब निवृत्तिवेतन तुम्ही कोणाबरोबर राहता यामुळे बंद होत नाही. फक्त नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नका, गाव बदललं तरी तो देता येतो. पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड मुलाकडे असेल तर ते परत मागून घ्या. रागाने नव्हे, ‘मला तिकडे लागेल’ म्हणून.

आता त्यांचं, आणि हे त्यांना वाचून दाखवा. अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि आई-वडील हयात नसले, तर तिचं स्वतःच्या कमाईचं घरही वडिलांच्या वारसांकडे जातं. म्हणजे ज्या भावाने ते पत्र फोडलं त्याच्याकडे, किंवा त्याच्या मुलांकडे. तुम्ही त्या घरात दहा वर्षं राहिलात तरी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला पिशवी भरायला सांगायचा त्यांना अधिकार राहील. यावर उपाय साधा आहे. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण या वयात दुय्यम निबंधकाकडे ती करावी आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रकृतीचं प्रमाणपत्र जोडावं, म्हणजे पुढे कोणी ‘आत्याला काही कळत नव्हतं’ म्हणणार नाही. घर पुतण्यालाच द्यायची त्यांची इच्छा असेल तर तेही होऊ शकतं : मालकी पुतण्याला, आणि तुम्हाला तहहयात राहण्याचा हक्क. मला हा पर्याय पुष्कळ घरांमध्ये शहाणपणाचा वाटतो, त्याने भांडणाची धार कमी होते. नॉमिनी नेमणं चांगलं, पण बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होतोच असं नाही. मृत्युपत्र तरीही लागतंच.

दोघींचं एकत्र बँक खातं काढता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने जाहीरपणे स्पष्ट केलंय की समलैंगिक व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही बंदी नाही. तुम्हाला तर काउंटरवर कारणही सांगावं लागणार नाही, दोन मैत्रिणींचंही खातं निघतं. घरखर्चापुरतं एक खातं काढा, पेन्शनची खाती आपापली राहू द्या.

कायद्याने तुम्हाला लग्न करता येईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसरं कोणी वाचत असेल म्हणून सांगते. नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही आणि तो विषय संसदेवर सोडला. पण एकत्र राहणं हा गुन्हा नाही. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, घरच्यांनी डांबून ठेवलेल्या एका तरुणीच्या प्रकरणात, लग्न हा कुटुंब उभं करण्याचा एकमेव मार्ग नाही असं म्हटलंय. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यांचा फोन १५१०० आहे, आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

त्या रकान्याबद्दल. ऑपरेशनला संमती द्यायचा अधिकार शुद्धीत असलेल्या प्रौढ रुग्णाचा स्वतःचा असतो. नातेवाइकाची सही हॉस्पिटलं आपल्या सोयीसाठी आणि बिलासाठी घेतात. तुमच्या मैत्रिणींनी भरती होतानाच लेखी द्यावं की ऑपरेशननंतर माझ्याजवळ अमुक राहतील आणि डॉक्टरांनी माझी माहिती त्यांना द्यावी. सर्जनना आधीच्या भेटीत दोघींनी मिळून भेटा, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा चेहरा राहील. रकान्यात ‘मैत्रीण’ लिहा. ते खोटं नाही, अपुरंही नाही. आणि तुम्हाला तिथे याहून जास्त लिहावंसं वाटलं तर काय लिहायचं ते तुम्ही दोघी ठरवा.

तुमच्यासारख्या दुसऱ्याही वाचत असतील, त्यांच्यातल्या काहींचं वय सत्तर नाही, तीस आहे. त्यांच्या घरी या घडीला स्थळं पाहणं चालू असेल. त्यांना एवढंच सांगते : हातात स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःची मूळ कागदपत्रं येईपर्यंत घरात काही बोलायची घाई करू नका, पण त्या काळात लग्नाला होकारही देऊ नका. ‘लग्न झालं की सगळं ठीक होतं’ असं सांगणारा डॉक्टर भेटला तर डॉक्टर बदला. हा आजार नाही, आणि त्यावर ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन मानलं जातं. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. आणि कोणा आईने हे वाचलं असेल, तर मुलीची वेणी घालताना गप्प बसू नका. काय बोलावं सुचलं नाही तर ‘मला कळत नाहीये, पण तू माझी आहेस’ एवढं म्हणा.

शेवटी राहण्याबद्दल, ताई. कायमचं जायचं की नाही हे आत्ता ठरवू नका. वसतिगृहातली मुलगी आणि आजची मुख्याध्यापिका या दोन वेगळ्या बायका आहेत, तुम्हीही त्या वेळच्या राहिला नाहीत. फोनवर तासभर बोलणं वेगळं आणि एका न्हाणीघरात दोघींचा सकाळचा कार्यक्रम जमवणं वेगळं. त्यांना पन्नास वर्षं एकटीने राहायची सवय आहे, तुम्हाला भरल्या घराची. गुडघा बदलल्यावर साधारण सहा आठवडे माणूस जवळ लागतंच : रात्री उठवायला, वॉकर धरायला, व्यायाम करून घ्यायला. तेवढ्याचसाठी जा. घरातली तुमची खोली आणि कपाट तसंच राहू द्या, किल्ली बरोबर घ्या. मुलाला सांगा, सहा आठवड्यांनी बोलू. त्या सहा आठवड्यांत तुमच्या दोघींच्या काय ते लक्षात येईल : चहा कोण आधी करतं, रुसवा किती टिकतो, एकीला टीव्ही हवा असताना दुसरी काय करते.

निघण्यापूर्वी त्यांच्या बाथरूमला धरायचा दांडा आणि उंच कमोड बसवून झालाय का, आणि त्यांची खोली तळमजल्यावर आहे ना, हे विचारून घ्या. आणि आज संध्याकाळी फोन आला की आधी तो अर्धवट राहिलेला प्रश्न पुरा करा. तुम्ही काय लिहाल ते नंतर सांगा. आधी त्यांना विचारा, ‘मी काय लिहावं असं तुला वाटतं?’